आई-बाबांना घेऊन ऑरलँडोला: डिस्नेची तिकिटं आगाऊ काढताना

आई-बाबांचा व्हिसा झाला, विमानाची तिकिटं निघाली, की इथे अमेरिकेतल्या मराठी घरांत लगेच बेत सुरू होतात. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन तर ठरलेलंच असतं. मुलांना मात्र ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड हवं असतं, आणि नातवंडांबरोबर हिंडायला मिळणार म्हणून आजी-आजोबाही तयार असतात. मग एका रात्री, मुलं झोपल्यावर, कोणीतरी लॅपटॉप उघडून तिकिटाच्या पानावर जातं, सहा माणसांची बेरीज बघतं आणि लॅपटॉप मिटवतं.

आम्ही तीनदा जाऊन आलो. दोन खेपांना आई-बाबा बरोबर होते, एका खेपेला सासूबाई आणि सासरे. एवढ्यावरून एक गोष्ट अगदी खात्रीने सांगते: तिकीट लवकर काढावं, पण बेताची सुरुवात तिकिटापासून करू नये. आधी माणसं, मग दिवस, मग तारीख आणि त्यानंतर तिकीट. हा क्रम पाळला तर पैसे वाचतात आणि म्हाताऱ्या माणसांची दमछाकही वाचते. ते सगळं क्रमानेच लिहिते.

आधी माणसं मांडा

एक कागद घ्या. प्रत्येकाचं नाव, जाण्याच्या दिवशीचं वय, बुटांसकट उंची इंचांत, आणि थांबत थांबत दिवसभरात किती चालवेल ते लिहा. तिकिटाचा सगळा हिशेब या चार रकान्यांतून निघतो.

वयाचा नियम साधा आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही. तीन ते नऊ वर्षांना मुलांचं तिकीट, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचं. मुलांचं तिकीट अर्धं असतं असं आपल्याला वाटतं, कारण एसटी-रेल्वेची सवय. इथे फरक थोड्याच डॉलरांचा असतो. त्यामुळे दहा पूर्ण व्हायच्या आत जाऊ या, अशी धावपळ करण्यात फारसं हशील नाही. तिसरा वाढदिवस मात्र जवळ आला असेल तर त्याच्या आत जाऊन या. एक अख्खं तिकीट वाचतं. आजी-आजोबांसाठी ज्येष्ठ नागरिकांची वेगळी सवलत नाही, ती शोधण्यात वेळ घालवू नका.

उंची मात्र घरीच मोजा, भिंतीला टेकवून, जे बूट घालून जाणार तेच घालून. मॅजिक किंगडम या पार्कातली सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि हॉलिवूड स्टुडिओज या पार्कातली स्लिंकी डॉग डॅश या राईडना किमान ३८ इंच उंची लागते. टॉवर ऑफ टेरर, सोअरिन आणि टेस्ट ट्रॅकला ४०, स्पेस माउंटन, एक्स्पिडिशन एव्हरेस्ट आणि फ्लाइट ऑफ पॅसेजला ४४, ट्रॉनला ४८. आमची धाकटी पहिल्या खेपेला साडेसदतीस इंच होती. मोजपट्टीच्या खाली ती टाचा उचलून, श्वास रोखून उभी राहिली. तिथली मुलगी गुडघ्यावर बसली, तिच्याशी हसून बोलली, पण आत सोडलं नाही. सोडू नयेच, लहान अंगाला तो सुरक्षेचा दांडा नीट बसत नाही. चूक आमची होती. घरी पट्टी लावली असती तर त्या राईडचं नाव आम्ही तिच्यासमोर काढलंच नसतं. तिचा तो रडवेला चेहरा अजून आठवतो.

चौथा रकाना चालण्याचा, आणि तिकिटाच्या खर्चावर सर्वांत मोठा परिणाम त्याचाच होतो. डिस्नेत दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणं सहज होतं. एपकॉट या पार्कात तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, त्यांची नुसती एक फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची. सकाळी फिरायला जाणारे बाबासुद्धा फ्लोरिडाच्या उन्हात तिसऱ्या दिवशी बसायला बाकडं शोधू लागतात.

म्हणून सांगते, घरातल्या सगळ्यांना सारख्या दिवसांची तिकिटं काढायची गरज नाही. बहुतेक घरं इथेच जास्तीचे पैसे भरतात. संकेतस्थळावर सहा माणसं, चार दिवस असं एकदम निवडता येतं म्हणून आपण तसंच निवडतो. त्याऐवजी दोन वेळा खरेदी करा: तुमची आणि मुलांची चार दिवसांची, आजी-आजोबांची दोन दिवसांची. उरलेल्या दोन दिवसांत ते हॉटेलवर आराम करतील, संध्याकाळी डिस्ने स्प्रिंग्ज या दुकानांच्या-उपाहारगृहांच्या भागात फिरतील. तिथे जायला तिकीट लागत नाही. ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलातही तिकिटाविना जाता येतं. तिथल्या सना नावाच्या उपाहारगृहात नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या मिळतात, आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. जागा मात्र आधी राखून ठेवा. डिस्नेच्या उपाहारगृहांचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं.

कुठला पार्क, किती दिवस

पार्क चार. मॅजिक किंगडम १९७१ मध्ये सुरू झालं, एपकॉट १९८२ मध्ये, हॉलिवूड स्टुडिओज १९८९ मध्ये आणि ॲनिमल किंगडम १९९८ मध्ये. लहान मुलं असतील तर मॅजिक किंगडमला पर्याय नाही, किल्ला आणि परेड तिथेच. मोठी, धीट मुलं हॉलिवूड स्टुडिओजमध्ये रमतात. आजी-आजोबांसाठी माझं मत स्पष्ट आहे: एपकॉट आणि ॲनिमल किंगडम.

ॲनिमल किंगडममध्ये किलिमांजारो सफारीला उंचीची अट नाही. उघड्या ट्रकमधून सिंह, हत्ती, जिराफ दिसतात. फक्त ट्रक आदळतो, कंबर धरत असेल तर जपा. वाघ बघायला महाराजा जंगल ट्रेक आहे, ती पायवाट सावलीची आहे. आणि एपकॉटमध्ये लिव्हिंग विथ द लँड ही संथ बोटीची सफर आहे, ती काचघरांतून जाते. मातीशिवाय वाढवलेले टोमॅटो, दोऱ्यांवर चढवलेले वेल, हौदांतले मासे. बाबांची शेती नाशिककडची. बोटीतून उतरल्यावर ते म्हणाले, "परत एकदा जाऊ या का?" आम्ही तीनदा बसलो. तिसऱ्या वेळी ते वेलांकडे बघतच नव्हते, मुळांना पाणी कसं देतात ते शोधत होते. आईला मात्र पायाखालून सरकणाऱ्या फरशीवरून बोटीत चढायची भीती वाटली. तिथल्या माणसाला सांगितलं की ते फरशी थांबवतात किंवा हळू करतात. मागायला संकोच करू नका.

आता हॉपरचा प्रश्न. एका दिवसात एकाहून जास्त पार्कांत जाता यावं म्हणून जादा पैसे भरून घ्यायचं हे तिकीट. २०२४ पासून दिवसात केव्हाही पार्क बदलता येतो, त्यामुळे मोह होतो. वयस्क माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर घेऊ नका. एका पार्कातून बाहेर पडणं, बस, पुन्हा तपासणी, पुन्हा आत चालणं यात दुपार जाते. त्याच पैशांत एक दिवस वाढवता येतो का ते बघा, कारण दिवस जितके वाढतात तितका दर दिवसाचा भाव खाली येतो.

शिवाय दिवस सलग वापरावे लागत नाहीत, हे फार जणांना माहीत नसतं. दोन दिवसांचं तिकीट चार दिवसांत वापरता येतं, तीन दिवसांचं पाच दिवसांत, चार दिवसांचं सात दिवसांत, पाच दिवसांचं आठ दिवसांत. म्हणजे एक दिवस पार्क आणि एक दिवस पोहणं-झोपणं असं आरामात बसवता येतं. आई-बाबा बरोबर असताना असंच बसवा.

तारीख म्हणजेच भाव

डिस्ने वर्ल्डचा भाव तारखेवर ठरतो. एका दिवसाचं तिकीट स्वस्तातल्या दिवशी ११९ डॉलरच्या आसपास मिळतं, तर नाताळच्या आठवड्यात मॅजिक किंगडमसाठी २०० डॉलरच्या घरात जातं. यावर साडेसहा टक्के कर वेगळा लागतो, आणि तो शेवटच्या पानावर दिसतो. म्हणून विमान आणि हॉटेल ठरवण्याआधी तिकिटाचं कॅलेंडर उघडून बसा. दोन दिवस मागे-पुढे सरकलं तरी सहा माणसांत फरक जाणवतो.

नाताळ ते नवीन वर्ष, थँक्सगिव्हिंगचा आठवडा, फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा आणि मार्चच्या मध्यापासून ईस्टरपर्यंतचे दिवस हे सर्वांत महाग आणि सर्वांत गर्दीचे. आपले आई-बाबा बहुधा उन्हाळ्यात येतात आणि त्यांना परतायची घाई गणपती-दिवाळीची. त्यात बसणारे दोन काळ चांगले आहेत: मेचा पहिला पंधरवडा, आणि ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर. फ्लोरिडातल्या शाळा ऑगस्टच्या पूर्वार्धातच सुरू होतात, त्यामुळे गर्दी एकदम ओसरते. उकाडा मात्र कोकणातल्या मेसारखा असतो, दुपारी पाऊस येतो आणि वादळांचा मोसमही तोच. तरी भाव आणि रांगा दोन्ही कमी, म्हणून तुमच्या मुलांच्या शाळेला चालत असेल तर मी हाच काळ निवडेन.

या काळात एक काळजी घ्या. ऑगस्टपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत काही ठरावीक रात्री मॅजिक किंगडममध्ये हॅलोविनचा वेगळ्या तिकिटाचा कार्यक्रम असतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाताळचा. त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं, म्हणजे किल्ल्यावरची आतषबाजी दिसत नाही. या तारखा आधीच जाहीर होतात. आतषबाजी बघायची असेल तर त्या टाळा. ती हुकली तरी चालत असेल तर तोच दिवस मुद्दाम घ्या, कारण दिवसभर गर्दी कमी असते.

कुठून घ्यायची, कुठून नाही

डिस्नेचं स्वतःचं संकेतस्थळ किंवा ॲप, हा सरळ रस्ता. अंडरकव्हर टूरिस्टसारखे काही अधिकृत विक्रेते आहेत, त्यांच्याकडे बहुधा थोडं स्वस्त पडतं. तुमच्या कंपनीत कर्मचाऱ्यांच्या सवलतींचं पान असेल तर तेही उघडून बघा, त्यात ही तिकिटं अनेकदा असतात. तुलना करताना कर धरलेला भाव कराविना भावाशी ताडू नका.

बाबांनी भारतातल्या कार्डाने पैसे भरायचा आग्रह धरला, आणि ते धरतातच, तर त्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्यायला आधी सांगा. बँक वरून वेगळं शुल्कही लावते.

आता जिथे जायचं नाही ते. ऑरलँडोजवळच्या किसिमी गावात १९२ नंबरच्या रस्त्यावर "डिस्नेची स्वस्त तिकिटं" असे फलक लावलेली दुकानं दिसतात. कुणी सांगेल, चार दिवसांचं होतं, दोन उरलेत, अर्ध्या पैशांत घ्या. घेऊ नका. तिकीट वापरताना बोटाचा ठसा त्याला जोडला जातो, दुसऱ्याला ते चालत नाही, आणि असं अर्धं वापरलेलं तिकीट विकणं फ्लोरिडात कायद्याने गुन्हा आहे.

दुसरा सापळा फुकट तिकिटांचा. आमच्या पहिल्या खेपेला हॉटेलच्या दालनात एका बाईंनी फार गोड बोलून सांगितलं की नव्वद मिनिटं एका सुट्टीघराची माहिती ऐका, दोन तिकिटं जवळजवळ फुकट देतो. आम्ही आई-बाबांना घेऊन गेलो. दुपारी एक वाजता सुटलो. एकामागून एक तीन माणसं टेबलाशी आली, प्रत्येक जण आधीच्यापेक्षा जास्त आग्रही. बाबांची गोळी घ्यायची वेळ टळली, आणि मुलांचा सुट्टीतला एक दिवस गेला तो गेलाच. तिकिटं मिळाली, पण ती किंमत फार होती. बरोबर वयस्क माणसं असताना तर हे अजिबात करू नका.

कधी घ्यायची म्हणाल तर व्हिसा हातात आल्यावर, आणि दोन-तीन महिने आधी. दरवर्षी भाव वाढतच जातात, शेवटच्या आठवड्यात स्वस्त होईल या आशेवर थांबू नका. ही तिकिटं परत घेतली जात नाहीत, पण तारीख ॲपमधून बदलता येते. नव्या तारखेचा भाव जास्त असला तर वरचा फरक भरायचा. अजिबात न वापरलेलं तिकीट मुदत संपली तरी वाया जात नाही, त्याचे पैसे पुढच्या तिकिटात धरले जातात. एकदा पहिला दिवस वापरला की मात्र उरलेले दिवस मुदतीतच वापरावे लागतात. म्हणून निघण्याआधी आईचा पाय मुरगळला तर आदल्या दिवशीच तारीख बदला, "बघू उद्या" म्हणून आत पाऊल टाकू नका. खास सवलतीच्या तिकिटांचे नियम वेगळे असतात, पैसे भरण्याआधी ते वाचा.

तिकीट आल्यावर त्याच दिवशी

माय डिस्ने एक्स्पिरियन्स हे ॲप घ्या. एकाच्याच फोनवर सगळं घर जोडता येतं, आजी-आजोबांना वेगळा फोन किंवा खातं लागत नाही. प्रत्येकाचं नाव घाला आणि कुठलं तिकीट कुणाचं ते नीट नेमून द्या. तिकिटांचे दिवस वेगवेगळे घेतले असतील तर इथे गोंधळ होतो. आजीचं दोन दिवसांचं तिकीट नातवाच्या नावावर गेलं, की ते तिसऱ्या दिवशी दारातच कळतं. पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा.

हे लगेच करायचं कारण म्हणजे लाइटनिंग लेन. रांगेचा वेळ वाचवणारी ही वेगळी खरेदी आहे आणि तिकीट ॲपमध्ये जोडलेलं नसेल तर ती करताच येत नाही. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात राहणार असाल तर ती मुक्कामाच्या सात दिवस आधी उघडते, आणि पूर्ण मुक्कामाची एकदम करता येते. बाहेर राहणाऱ्यांना प्रत्येक दिवसासाठी तीन दिवस आधी. वेळ पूर्व किनाऱ्याची सकाळी सातची. कॅलिफोर्नियात पहाटेचे चार वाजलेले असतात. भारतातून कोणी करत असेल तर उन्हाळ्यात दुपारी साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच.

यातले आपल्या कामाचे दोन प्रकार. मल्टी पासमध्ये एका पार्कातल्या तीन राईड आधी निवडायच्या, प्रत्येकीला तासाभराची खिडकी मिळते, आणि पहिली झाली की पुढची घेता येते. सिंगल पास ट्रॉन, फ्लाइट ऑफ पॅसेज अशा मोजक्या राईडसाठी, एकेकीचे वेगळे पैसे. दोन्हींचे भाव रोज बदलतात. इथेही सगळ्यांना घेऊ नका. आजी-आजोबा ज्या बोटींत आणि नाट्यगृहांत बसतात तिथल्या रांगा बहुधा छोट्या असतात. गर्दीच्या दिवशी मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओजला फक्त राईडमध्ये बसणाऱ्यांसाठी घ्या, एवढं पुरतं. लहान बाळ असेल तर रायडर स्विच मागा. आई-वडिलांनी आळीपाळीने बसायची ही सोय मोफत आहे, दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही.

आदल्या रात्री आणि दारात

बाहेरचं खाणं आत नेता येतं. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लाडू, सुकी भाजी, काहीही. काच चालत नाही, म्हणून लोणचं प्लास्टिकच्या डबीत काढा. थंड पाण्याचे पेले खाण्याच्या बहुतेक काउंटरवर मोफत मिळतात, मागितले की देतात.

डिस्नेच्या हॉटेलात उतरला नसाल तर पार्किंगचे रोजचे तीस डॉलर किंवा त्याहून जास्त धरा. मॅजिक किंगडमला गाडी लावली म्हणजे पोहोचलो असं होत नाही. तिथून पुढे तपासणी, मग मोनोरेल किंवा बोट. गाडी ते दार यासाठी चाळीस मिनिटं हाताशी ठेवा. आईला मोठं अंतर जमणार नसेल तर व्हीलचेअर दाराशीच भाड्याने घ्या. संख्या मोजकी असते, सकाळी लवकर पोहोचलात तरच खात्रीने मिळते. "मला काय धाड भरलीय" असं ती म्हणेल. तरी घ्या, दुपारी ती स्वतःहून बसेल.

दारात तीन वर्षांच्या वरच्या प्रत्येकाचं बोट यंत्रावर ठेवायला सांगतात. आयुष्यभर मातीत काम केलेल्या हातांचे ठसे यंत्राला सापडत नाहीत. रेशनच्या दुकानात बाबांचा अंगठा उमटत नाही, तेच इथेही झालं. तीनदा लाल दिवा लागला, मागे रांग वाढली, बाबा हात पँटला पुसत राहिले. अशा वेळी ओळखपत्र दाखवून आत जाता येतं. आई-बाबांचे पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका, आणि आजोबांना रांगेत सगळ्यांच्या पुढे उभं करा, म्हणजे त्यांच्या मागे तुम्ही असाल, अनोळखी माणसं नाहीत.